लेकरू काय म्हणतंय?

२८ जुलै २०२५, लातूर
सर्वोच्च न्यायालयाचा शुक्रवारचा निकाल वाचला. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा, गुणांवरून तुकड्या पाडणं टाळावं. आपल्या ट्यूशन एरियात हे फार आधी व्हायला हवं होतं. पण समुपदेशकाचा पगार क्लास देणार, मग पोराने सांगितलेलं कोणाचं? आणि 'पात्र' म्हणजे कोण? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकाची पाटी कोणीही लावतो.

२ ऑगस्ट
(मी समुपदेशक. या वहीत मुलांचं नाव, गाव, क्लास लिहीत नाही. ओळख पटेल असं काही असेल तर तेही बदलते.)
एक वडील एसटीने आले. सोयाबीनच्या भरवशावर फीसाठी कर्ज काढलेलं. "मॅडम, लेकरू काय म्हणतंय तेवढं सांगा की. आम्ही काय परके आहोत का?"
परके नाहीतच. मुलगी १७ वर्षांची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अल्पवयीनाचे नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून पालकच धरलेत. पण तिचा शब्दन्‌शब्द त्यांच्या कानावर घातला, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही आणि धोक्याची गोष्ट कोणालाच कळणार नाही. मी म्हणाले, "काका, जिवाला धोका वाटला तर लगेच फोन करीन. हे तिलाही पहिल्याच भेटीत सांगितलंय. बाकीचं तिच्याच तोंडून ऐका, आपण तिघं बसू."
बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "जेवती का नीट?"
तेही तिला विचारूनच सांगितलं.

७ ऑगस्ट
संध्याकाळी तीच मुलगी म्हणाली, जगावंसं वाटत नाही. घरी सांगू नका.
"फोन आत्ताच करायचा. काय सांगायचं ते दोघी मिळून ठरवू." थरथरत का होईना, ती स्वतःच बोलली. टेस्टचे गुण, मैत्रिणीशी झालेलं भांडण यातलं काही सांगायची गरज नव्हती. ते तिचंच राहिलं. वडील रात्रीच निघाले. ते येईपर्यंत मी तिच्याजवळ थांबले. मानसोपचारतज्ज्ञांची उद्याची वेळ घेतली, टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. वसतिगृहाच्या मावशींना एवढंच कळवलं: ती वडिलांसोबत गेली आहे, काळजी करू नका. त्यांनी कारण विचारलं. मी दिलं नाही.

१० ऑगस्ट, नांदेड
भाग्यनगरात आम्ही काही समुपदेशक जमलो. एका क्लासने दर आठवड्याला 'कमकुवत मुलांची यादी' मागितली आहे, नावांसकट. एक सहकारी म्हणाला, पगार त्यांचा, नकार कसा द्यायचा? मला हे अजिबात पटत नाही. ती यादी शिक्षकांच्या खोलीत गेली की त्या पोरांची बाकंही बदलतील. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना द्यावीच लागते, पोक्सोचं १९ वं कलम तसं सांगतं. जिवाचा धोका असेल तर पालकांना. क्लासच्या मालकाला नावं द्यायला यातलं कोणतंच कारण लागू होत नाही.
उत्तराचा मसुदा तिथेच लिहिला: महिन्याला किती विद्यार्थी भेटले एवढा आकडा मिळेल, नावं नाहीत, नोंदींच्या कपाटाची किल्ली समुपदेशकाकडेच राहील. तिघांनी सह्या केल्या. तो सहकारी घरी विचारून सांगतो म्हणाला.