खिमट आणि डबा

नातू सहा महिन्यांचा झाला आणि सुनेने बाजारातला डबा आणला. मी नाक मुरडलं. बी.कॉम. असल्याने हिशेबही मांडला: तांदूळ-मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून, दळून केलेलं खिमट कितीतरी स्वस्त, शिवाय ताजं.

मग चष्मा लावून डबा वाचला. हिरवा ठिपका होता. माझ्या खिमटात कमीच असणारं लोह होतं. पण साखरही होती!

"बघ, साखर!"

ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही खिमटात गूळ घालता ना?"

दोन वर्षांपर्यंत वरून गोड नको, हे डॉक्टरांनी दोघींनाही सांगितलं होतं. मी गप्प झाले.

आता घरी बिनगुळाचं खिमट, प्रवासात बिनसाखरेचा डबा. सुनेला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायला मी पर्युषणाची वाट पाहिली नाही.