उरलेली जागा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त नातीचं. ती रसायनशास्त्रात संशोधन करते. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मास्तरीण, त्यामुळे तिचं काम विचारायचा धीर होत नसे. परवा विचारलंच.

"आजी, मी रेणूंचे साचे करते."

जो रेणू ओळखायचा तोच आधी द्रावणात घालायचा. मेथाक्रिलिक आम्लाचे रेणू त्याला चहूबाजूंनी धरतात. त्यांना एकमेकांत गुंफणारं दुसरं रसायन घालून ६० अंशांच्या आसपास तापवलं, की सगळ्याचं टणक प्लॅस्टिक होतं. ते कुटायचं, चाळायचं आणि मेथॅनॉल व ॲसेटिक आम्लाने तासन्‌तास धुवायचं. मूळ रेणू निघून जातो, त्याच्या आकाराची पोकळी राहते. पुढे तो रेणू आला, की तिथे बरोबर बसतो. धुण्यात हयगय झाली तर मात्र आत अडकलेला रेणू पाझरतो आणि नसलेलं औषध आहे असं भासतं!

"कुठलं औषध गं?"

"थिओफायलिन."

मी हातातला कप खाली ठेवला.

आमच्या ह्यांना दमा होता. १९९४ साली ताप आला म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. त्याने थिओफायलिन रक्तात साठतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ह्यांना उलट्या, धडधड. आणि मी घड्याळ लावून गोळ्या देतेच आहे! रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. अहवाल यायला तीन दिवस लागले. हे वाचले, पण ते तीन दिवस मी विसरलेले नाही.

नात म्हणाली, त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ साली, स्वीडनमधल्या क्लाउस मोसबाख यांच्या गटाने थिओफायलिनचा असा साचा करून दाखवला होता. कॉफीतलं कॅफीन त्याच्यासारखंच, फक्त एक मिथाइल गट जास्त. तरी साचा फसला नाही. आता तिला तो साचा इलेक्ट्रोडवर बसवायचाय, म्हणजे रक्ताच्या थेंबावरून प्रमाण लगेच कळेल. अजून सगळं प्रयोगशाळेतच आहे.

हे २०११ मध्ये गेले. रात्र रात्र भिंतीला टेकून बसायचे, तिथे गादीला खळगा पडलाय. "आजी, कापूस पिंजून घेऊया का?" जाताना नातीने विचारलं.

म्हटलं, राहू दे.

असो.