चित्रांतील अंधार

चित्रें हलूं लागलीं कीं तीं मुलांचीं झालीं, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती. म्हणून छत्रपति संभाजीनगरच्या आमच्या घरीं कॉलेजांत जाणारा नातू एका रात्रीं ‘लव्ह, डेथ अँड रोबॉट्स’ पाहत बसला, तेव्हां “या वयांत हा कसला पोरखेळ?” असे उद्गार आमच्या तोंडून निघाले. “आजोबा, हें मोठ्यांसाठींच आहे,” एवढेंच तो म्हणाला. आम्हीही शेजारीं बसलों.

२०१९ सालीं नेटफ्लिक्सवर आलेल्या या संग्रहाच्या पहिल्या भागांत १८ लघुपट आहेत. प्रत्येकाची कथा निराळी, रेखाटण्याची तऱ्हा निराळी. रक्तपात व भयस्वप्नें यांची मात्र रेलचेल. कित्येक ठिकाणीं तर भय केवळ धक्क्यापुरतेंच. आम्ही उठणार होतों. पण अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याची आठवण झाली. तेथील सिंहलावदानाच्या चित्रांत व्यापाऱ्यांना भुलविणाऱ्या सुंदर स्त्रिया पुढें राक्षसी होऊन त्यांना खातात. पांचव्या शतकांतील तें चित्र कांहीं मुलांना रिझविण्यासाठीं काढलेलें नव्हतें! आम्ही बसून राहिलों.

मग ‘झीमा ब्ल्यू’ लागला. रॉबर्ट व्हॅली यांचा हा पट अवघ्या दहा मिनिटांचा. त्यांतील जगद्विख्यात चित्रकार भिंतीएवढीं, मग आकाशाएवढीं चित्रें काढतो. अखेर उघड होतें कीं तो मूळचा पोहण्याचा हौद घासणारें एक लहानसें यंत्र. शेवटीं सर्वांसमक्ष तो आपलें शरीर व ज्ञान टाकून देतो, पुन्हां तेंच यंत्र होतो, आणि निळ्या फरशा घासण्यांत सुख मानतो.

आमचे वडील शिक्षक होते. अखेरच्या वर्षीं त्यांची स्मृति गेली. शिकविलेलें सारें ते विसरले. आमचें नांवही विसरले. पण पहाटे उठून केरसुणी घ्यावयाची व अंगण झाडावयाचें, हें त्यांनीं सोडलें नाहीं. लहानपणीं आजीनें त्यांना लावलेलें पहिलें काम तें हेंच. आम्हांस हें ठाऊक होतें. तरी लोक काय म्हणतील, या भीतीनें आम्ही ती केरसुणी त्यांच्या हातांतून काढून घेत असूं. ते कांहीं न बोलतां ओट्यावर बसून राहत. त्यांची सेवा केली असेंच आम्ही इतकीं वर्षें मानीत आलों.

नातवानें विचारलें, “पुढची लावूं का?” आम्ही नको म्हणालों, आणि पहांटेपर्यंत जागेच राहिलों.