चौथी मात्रा मोकळी

धप्, धप्, टाळी. चौथी मात्रा मोकळी. पुन्हा धप्, धप्, टाळी. ‘वी विल रॉक यू’चा हा ठेका कानावर पडला की ताल कधी न शिकलेला माणूसही पायाने जमीन ठोकू लागतो. जालन्यात मी तो क्रिकेटच्या सामन्यांत ऐकलाय, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलाय, मास्तर यायच्या आत बाकांवर हात आपटणाऱ्या पोरांकडून तर कितीदा तरी. त्यातल्या बहुतेकांना ते गाणाऱ्या क्वीन या बँडचं नावही ठाऊक नसतं. गाण्याला त्याने उणेपणा येत नाही. ओवी कुणी रचली हे जात्यावर बसलेलीला कुठे माहीत असतं?

हे गाणं ज्या अल्बमच्या तोंडाशी आहे, तो ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ 28 ऑक्टोबर 1977 ला आला. प्रचंड क्रीडागारांत हजारोंसमोर वाजवण्यासाठीच जणू जन्मलेल्या रॉकचा तो एक मोठा टप्पा. चाळीस वर्षांनी, नोव्हेंबर 2017 मध्ये, त्याची नवी आवृत्ती पेटीच्या रूपात निघाली. मूळ मास्टर टेपवरून कोरलेली तबकडी, तीन सीडी, 1977 च्या अमेरिका दौऱ्यावरचा माहितीपट, आणि या सगळ्यात माझ्या दृष्टीने सोन्यासारखी ‘रॉ सेशन्स’ नावाची सीडी. अल्बममधल्या अकराही गाण्यांची वेगळी रूपं तिच्यात आहेत. कुठे पहिला कच्चा घाट, कुठे नुसत्या गिटारवरचा प्रयत्न, कुठे मागे राहून गेलेला आवाज.

आमच्या पिढीने हा अल्बम ऐकला तो भरून आणलेल्या कॅसेटवर. 1 मे 1981 ला जालना औरंगाबादपासून वेगळा जिल्हा झाला, तरी इंग्रजी गाण्यांसाठी औरंगाबादच गाठावं लागे. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी भरली जायची आणि दर खेपेला आवाजाची धार थोडी झिजायची. आमच्यापर्यंत पोचलेली टाळी घाटावर ओलं धुणं आपटावं तशी यायची, जड आणि बोथट. तरीही तिने आम्हाला झपाटलं. आता नव्या आवृत्तीत तीच टाळी ऐकताना कळतं, की ती एक टाळी नाहीच. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. काही अगदी कानाशी, काही मैदानाच्या पार पलीकडे.

त्यामागची हकिकत विलक्षण आहे. 1977 च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम झाला. बँड मंचावरून उतरला तरी श्रोते हटेनात. ते आपणहून एकसुरात गाऊ लागले. गिटारवादक ब्रायन मे त्या आवाजाने हलून गेला. दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय करता येईल, असा विचार त्याच्या मनात सुरू झाला. ती पाय आपटू शकतात, टाळ्या वाजवू शकतात, गाऊ शकतात. तेवढंच हाती धरून त्याने गाणं रचलं.

ध्वनिमुद्रण झालं लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत. ती मुळात चर्चची इमारत. तिथे सापडलेल्या जुन्या फळ्यांवर मोजकी माणसं पाय आपटत राहिली, टाळ्या देत राहिली, आणि ते थर एकावर एक चढवले गेले. मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. पुढे 2007 मध्ये त्याने खगोलभौतिकीत डॉक्टरेटही मिळवली. हजार माणसं वेगवेगळ्या अंतरांवर उभी असतील तर प्रत्येकाचा आवाज आपल्यापर्यंत किती उशिराने येईल, याचा हिशेब त्याने मांडला. त्या उशिरांचं प्रमाण मूळ संख्यांवरून ठरवलं, म्हणजे कुठलेच दोन आवाज साध्या पटीत जुळून प्रतिध्वनी उमटणार नाही. म्हणून तिथे घुमणारा हॉल ऐकू येत नाही, माणसं ऐकू येतात. गाण्यात ड्रम नाही, बेस नाही. गिटार येते ती अगदी शेवटी. तीही मेने आपल्या वडिलांबरोबर जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून घरी घडवलेली. दोन मिनिटांच्या गाण्यात बराच वेळ नुसते पाय, हात आणि कंठ.

हे कळल्यावर मला राजूरची वाट आठवते. अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी निघणाऱ्यांची रीघ लागते. अंधारात डांबरावर पडणाऱ्या पावलांचा एक भरीव, अखंड आवाज असतो. काही अनवाणी, काहींच्या पायांत चपला, मधूनच कुणाच्या काठीची टकटक. मध्येच एखादा खड्या आवाजात “गणपती बाप्पा” म्हणतो आणि थांबतो. तो क्षणभराचा थांबा मला फार मोलाचा वाटतो. घोषणा अर्धी सोडलेली असते. उरलेली अर्धी समोरच्यांची, मागच्यांची, ओळखदेख नसलेल्यांची. “मोरया” उठतं तेव्हा ते एकट्याचं राहत नाही. कीर्तनातही हेच घडतं. बुवा चरण सोडतात आणि टाळकरी तो उचलतात. तेवढी जागा बुवांनी जाणून राखलेली असते.

मोठ्या मैदानांतल्या रॉकला नावं ठेवणारे पुष्कळ. प्रकाशाचे झोत, भिंतीएवढे ध्वनिक्षेपक, सगळा डामडौल आणि आत पोकळ, असा तो आक्षेप. 1977 हे तर इंग्लंडमध्ये पंकच्या भराचं वर्ष. त्याच वेसेक्स स्टुडिओत सेक्स पिस्टल्सही तेव्हा काम करत होते. पण हा अल्बम उलगडून ऐकताना माझी खात्री पटत जाते, की या संगीताचा मोठेपणा आवाजाच्या आकारमानात नाही. तो त्या मोकळ्या चौथ्या मात्रेत आहे. ऐकणाऱ्यासाठी जागा राखायची म्हणजे आपलं वाजवणं आवरायचं, आणि क्वीनसारख्या चार कसलेल्या वादकांना ते आवरणं सोपं नसणार.

यातला गायक आपल्या मातीला अगदीच परका नाही. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, 5 सप्टेंबर 1946 ला झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मलेला. आठ वर्षांचा असताना तो शिकायला आला तो आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. तिथे तो पियानो शिकला, आणि 1958 च्या सुमारास मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड काढला. सातारच्या डोंगरावर शाळेच्या सभागृहात मूठभर पोरांसमोर वाजवणारा तो मुलगा 1985 मध्ये वेम्बलीत सत्तर हजारांवर माणसांना नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर खेळवत होता. घरापासून समुद्रापल्याड वसतिगृहात वाढलेल्या मुलाला आपली हाक कुणीतरी उचलून धरावी याची ओढ असणारच, असं मला वाटतं.

पेटीच्या वेष्टनावरचं चित्रही निरखण्यासारखं आहे. अमेरिकन चित्रकार फ्रँक केली फ्रीस याने 1953 मध्ये एका विज्ञानकथा मासिकाच्या मुखपृष्ठासाठी एक अजस्र यंत्रमानव काढला होता. त्याच्या पोलादी तळव्यात एक मृत माणूस. ड्रमवादक रॉजर टेलरकडे तो अंक होता. बँडने फ्रीसलाच गाठलं आणि त्याने माणसाच्या जागी हे चौघे काढून दिले. त्या राक्षसाचा चेहरा बघा. तो क्रूर नाही, भांबावलेला आहे. हातून काहीतरी मोडलं आणि आता नीट कसं करावं हे कळत नाही, असे त्याचे डोळे. सळईच्या कारखान्यांनी पोट भरणाऱ्या आमच्या गावात पोलादाचं बळ सगळ्यांना ठाऊक आहे. बळाच्या डोळ्यांतला हा पश्चात्ताप क्वचित बघायला मिळतो.

अल्बमही तसाच आहे, वरून पोलादी आणि आत हळवा. पहिली दोन गाणी सगळ्या जगाची झाली. पुढे बेसवादक जॉन डीकनचं ‘स्प्रेड युअर विंग्ज’ आहे. तसंच मेने एका मांजरीच्या मरणावर लिहिलेलं ‘ऑल डेड, ऑल डेड’. मूळ अल्बममध्ये ते तो स्वतः गातो, ‘रॉ सेशन्स’मध्ये तेच फ्रेडीच्या गळ्यातून ऐकू येतं आणि दुःख जणू घर बदलतं. सगळ्यात शेवटी ‘माय मेलंकली ब्लूज’. गिटार नाही, कोरस नाही. मुख्यतः पियानो आणि एका माणसाचा रात्रीचा आवाज. हजारोंच्या पावलांनी सुरू झालेला अल्बम एकट्यापाशी येऊन संपतो. गर्दीत सामील होणं आणि स्वतःपाशी परतणं, दोन्ही त्याला ठाऊक आहे.

हे सारं आज ऐकता येतं, कारण कुणीतरी फसलेले, अर्धे राहिलेले तुकडेही फेकले नाहीत. टेपवर नावं घालून जपून ठेवले. इथे मला आपल्या मराठवाड्याची काळजी वाटते. आमच्या भारुडांची, गोंधळांची, जलशांची केवढी मोठी मैदानं होती! शेजारच्या सिल्लोड तालुक्यातल्या रहिमाबादचे निरंजन भाकरे ‘बुरगुंडा’ हे भारूड घेऊन उभे राहत, तेव्हा अख्खं मैदान त्यांचं होई. 2021 मध्ये कोरोनाने त्यांना नेलं. अशा कलावंतांच्या कॅसेटी अजून गावोगावच्या ट्रंकांत, कपाटांवर, बंद पडलेल्या दुकानांत पडून आहेत, आणि चुंबकीय फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी मरते आहे. त्या शोधायला हव्यात, स्वच्छ करून नव्याने उतरवून घ्यायला हव्यात, आणि कलावंताच्या आवाजाबरोबर समोरच्या लोकांचा हुंकार, हशा, टाळ्याही राखायला हव्यात. पार्श्वभूमीचा गोंगाट म्हणून कुणी तो पुसून टाकू नये. आपल्याकडच्या गाण्याचा अर्धा भाग तिथेच आहे.