ओट्यामागचं वाळवंट

ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात तिने आणि नवऱ्याने जुनं घर घेतलं, तेव्हा स्वयंपाकघराची भिंत आधीच्या मालकांनी सजवून ठेवलेली होती. ओट्यामागे हाताने घडवलेल्या सिरॅमिक टाइल्सच्या ओळी होत्या. एकीवर तुरेवाली लावरी आणि तिच्यामागे पिल्लांची रांग, दुसरीवर फड्या निवडुंग खाणारा हावेलीना, तिसरीवर शेपटी ताणून धावणारा रोडरनर. आणि नेमका फोडणीच्या जागी, काळ्या-नारिंगी खवल्यांचा एक जाडजूड सरडा! तो तिला मुळीच रुचला नाही. पण गवंड्याने सांगितलेला आकडा ऐकल्यावर टाइल बदलायचा बेत बारगळला.

रोज पुसताना तिला या टाइल्सची ओळख होत गेली. हळदीचा डाग टाइलवर टिकत नसे, सांध्यातल्या सिमेंटात मात्र कायमचा बसे. टाइलवरची झिलई म्हणजे मातीवर वितळून बसलेली काचच. तेल-हळद मुरायला तिच्यात जागाच नसते. बोट फिरवलं की रंग किंचित फुगीर लागत आणि त्यांच्यामधल्या काळ्या रेषा खोल, खरबरीत.

या रेषांची करामत जुनी आहे. मँगनीजची पूड तेलकट द्रवात कालवून चित्राची बाह्यरेषा काढायची आणि मधल्या जागेत पाण्यात कालवलेली झिलई भरायची. तेलकट रेषा ओलांडता येत नसल्याने रंग एकमेकांत मिसळत नाहीत. भट्टीत तेल जळून जातं, काळी रेषा उरते. ‘क्वेर्दा सेका’ नावाची ही पद्धत मध्ययुगीन स्पेनमधल्या मुस्लिम कारागिरांच्या हाती बहरली. स्पॅनिश लोकांबरोबर टाइलकाम मेक्सिकोत पोचलं. तिथल्या पुएब्ला आणि त्लाश्काला भागांतल्या तालावेरा मातीकामाला स्पेनमधल्या भावंडासह २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. टूसॉन १८५४ पर्यंत मेक्सिकोतच होतं, त्यामुळे इथल्या टाइल्स परक्या नाहीत. शहरातल्या जुन्या न्यायालयाचा घुमटही रंगीत टाइल्सचाच आहे. प्राण्यांची चित्रं तर त्याहून जुनी. शेजारच्या न्यू मेक्सिकोत मिंब्रेस लोकांनी हजार वर्षांपूर्वी मातीच्या वाडग्यांवर ससे, लावऱ्या आणि सरडे रंगवले होते.

सोलापूरकडची असल्याने ऊन तिला नवं नव्हतं. पण वाळवंट म्हणजे ओसाड, हीच तिची समजूत होती. टूसॉनभोवतीच्या सोनोराच्या वाळवंटात मात्र वर्षातून दोनदा पाऊस येतो, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. उन्हाळ्यातल्या पावसाला इथले लोकही मॉन्सूनच म्हणतात.

भिंतीवरची मंडळी हळूहळू अंगणात दिसू लागली. रोडरनर हा कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा नातलग. हावेलीना डुकरासारखा दिसला तरी वेगळ्याच कुळातला. एका टाइलवर सवारो निवडुंगाच्या भोकातून डोकावणारं इवलं घुबड होतं. त्याची गोष्ट तिला ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियममध्ये उलगडली. भोक पाडतो सुतार पक्षी. निवडुंग जखमेभोवती कठीण कवच तयार करून पाणी राखतो. सुतार निघून गेला की तयार घरात एल्फ आउल राहायला येतं. ते जेमतेम चिमणीएवढं असतं. आणि सवारोला पहिला हात फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात!

राहता राहिला सरडा. तो हीला मॉन्स्टर. विषारी, मंद, शेपटीत चरबी साठवून आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढणारा. ॲरिझोनाने १९५२ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण दिलं. पुढे नवऱ्याला मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी एक्झेनाटाइडची इंजेक्शनं सुचवली. हे औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याचा मूळ रेणू डॉ. जॉन एंग यांना हीला मॉन्स्टरच्या विषात सापडला होता. औषध मात्र प्रयोगशाळेत बनतं. त्यानंतर ती टाइल काढण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मुलं मोठी झाल्यावर ती स्वतः टाइल्स करायला शिकली. पोळ्या लाटणाऱ्या हाताला मातीची लादी लाटणं जड गेलं नाही. खरी झुंज टूसॉनच्या कोरड्या हवेशी होती. कडा आधी सुकतात, आकसतात आणि टाइल वाकते. म्हणून ती दोन फळ्यांमध्ये दाबून, सावकाश वाळवावी लागते. कच्ची झिलई लावताना खरा रंग दिसत नाही. तांब्याचा हिरवा आणि कोबाल्टचा निळा हजार अंश सेल्सियसच्या आसपास भाजल्यावरच उमटतात. आणि कितीही उत्सुकता असली तरी भट्टी गार होण्याआधी उघडली तर टाइल तडकते.

इथल्या प्राण्यांच्या टाइल्स करण्यात तिला फारसा रस नव्हता. त्या बाजारात मुबलक मिळतात. तिने केला माळढोक, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा. १९७९ मध्ये तिथे त्याच्यासाठी अभयारण्य झालं. एकेकाळी महाराष्ट्राच्या माळांवर दिसणारा हा पक्षी आज जगात दोनशेहून कमी उरला आहे. त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या वाळवंटात आहेत, आणि तिथे विजेच्या तारांवर आदळून मरणं हे त्यांच्यापुढचं मोठं संकट आहे.