टोपलीचा खेळ

मी शाळेत होते, तेव्हा मधल्या सुट्टीत मुले मैदानावर धावत आणि आम्ही मुली कडेला उभ्या राहून त्यांचा खेळ पाहत असू. त्यामुळे कॉर्फबॉलची माहिती वाचून मला फार आनंद झाला.

१९०२ साली ॲमस्टरडॅमच्या निको ब्रूकहौसेन या शिक्षकांनी हा खेळ सुरू केला. मुलामुलींना एकत्र खेळता यावे, हा त्यांचा हेतू होता. डच भाषेत 'कॉर्फ' म्हणजे टोपली. साडेतीन मीटर उंचीवरच्या टोपलीत चेंडू टाकायचा असतो. संघात चार पुरुष व चार स्त्रिया असतात. पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीलाच अडवायचे. चेंडू घेऊन पळता येत नाही. तो सोबत्याकडे फेकावा लागतो. म्हणून एकट्याच्या बळावर सामना जिंकता येत नाही.

१९७८ पासून या खेळाची जागतिक स्पर्धा भरते. १९९५ साली ती आपल्या नवी दिल्लीत झाली. तेथे नेदरलँड्सचा संघ जिंकला. २०२३ पर्यंतच्या स्पर्धांत तोच संघ विजयी ठरला. अपवाद फक्त १९९१ चा. त्या वर्षी अँटवर्पला शेजारच्या बेल्जियमने त्याला हरवले.

विद्यार्थ्यांनो, जिंको कोणीही. तो विजय निम्मा बहिणींचा आणि निम्मा भावांचा असतो. चेंडू आणि टोपली तुम्हांलाही सहज मिळेल. खेळ मांडाल, तेव्हा बहिणींनाही हाक मारा.