अद्याप न आलेला पूर

आपण सवयीने ज्याला हॉलंड म्हणतो त्या नेदरलंड्समध्ये विमान उतरते ते एका सरोवराच्या तळावर. स्खिपोलचा विमानतळ समुद्रसपाटीच्या सुमारे ३ मीटर खाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे हारलेमरमेर नावाचे अफाट सरोवर होते. वाफेच्या पंपांनी ते उपसून १८५२ साली कोरडे केले, आणि जिथे मासे फिरत होते तिथे आता प्रवाशांच्या बॅगा फिरतात. या देशाचा सुमारे पाव हिस्सा असाच समुद्राच्या पातळीखाली आहे. ही माहिती कळेपर्यंत माणूस तिथे पोचलेला असतो आणि मग घाबरून काही उपयोग नसतो.

माझी भाची डेल्फ्टला पाण्याच्या इंजिनिअरिंगचे शिक्षण घेऊन तिथेच नोकरीला लागली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो तेव्हा ट्यूलिप, पवनचक्क्या आणि चीज असा प्रघातातला कार्यक्रम असेल अशी माझी समजूत. तिने पहिल्याच दिवशी जाहीर केले, "मामा, पवनचक्क्या तू कॅलेंडरवर बघ. मी तुला पूर दाखवते." मी मराठीचा प्राध्यापक, धरणांशी माझा संबंध ‘धरणे धरणे’ या वाक्प्रचारापुरता. पण भाचीपुढे मामाचे काय चालणार?

पहिला मुक्काम झेलंड प्रांतातल्या आउवरकेर्क या खेड्यात. सपाट, हिरवेगार, अगदी झोपाळू असे हे गाव. गावाबाहेर बांधाला लागून सिमेंटच्या चार अवाढव्य पेट्या उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कृत्रिम बंदर उभारण्यासाठी इंग्रजांनी अशा पेट्या बनवल्या होत्या. त्यांतल्या उरलेल्या चार इथल्या बांधाच्या शेवटच्या भगदाडात बसवल्या, आणि १९५३ च्या नोव्हेंबरात ते भगदाड बुजले. आता त्या पेट्यांच्या पोटातच पुराचे संग्रहालय आहे.

शनिवार, ३१ जानेवारी १९५३. वायव्येकडून वादळ, त्यात उधाणाची भरती. हवामान खात्याने संध्याकाळीच धोक्याचा इशारा दिला होता. पण मध्यरात्री रेडिओ बंद होत असे आणि शनिवार-रविवार कचेऱ्यांना सुट्टी. इशारा होता, तो ऐकायला कोणी जागे नव्हते. उत्तररात्री बांध फुटू लागले. जे छपरांवर चढून वाचले, त्यांच्यातले कितीतरी जण रविवारी दुपारच्या दुसऱ्या भरतीने नेले. एका पेटीत जमिनीवर वाळू पसरली आहे आणि तिच्यावर मृतांची नावे उजेडाने उमटतात. १,८३५ नावे, आणि एक बिननावाचे मूल. ते त्या रात्री जन्मले आणि त्याच रात्री गेले. मी तिथे बराच वेळ उभा होतो. शेजारी शाळेची एक सहल होती, पण मुलेही बोलत नव्हती.

बाहेर येऊन बांधावर बसल्यावर भाचीने मला योहान फान फेन या इंजिनिअरची हकीकत सांगितली. सरकारच्या पाणी खात्यातला हा माणूस भरती-ओहोटीची मोजमापे करता करता एका निष्कर्षाला आला होता, की देशाचे बांध ठेंगणे आहेत. १९३९ मध्ये यासाठी समिती नेमली गेली, हा तिचा चिटणीस. अहवाल झाले आणि ते गोपनीय ठरले. मग युद्ध आले, युद्धानंतर मोडकी घरे आणि पूल आले. ज्याचे पाणी अजून चढलेले नाही त्या बांधाला पैसा कोण देणार? वैतागून फान फेनने ‘डॉक्टर कॅसांड्रा’ असे टोपणनाव घेतले. कॅसांड्रा ही ग्रीक पुराणातली राजकन्या. तिला पुढचे सगळे दिसे, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवू नये असा तिला शाप होता. खाड्यांची तोंडे बंद करण्याची फान फेनची योजना मंत्र्यांकडे गेली ती पुराच्या दोनतीन दिवस आधी.

मला पंचतंत्रातले तीन मासे आठवले. संकट येण्याआधीच उपाय करणारा अनागतविधाता, ऐन वेळी युक्ती लढवणारा प्रत्युत्पन्नमती, आणि ‘व्हायचे ते होईल’ म्हणणारा यद्भविष्य. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपल्याला वाटते की तीन मासे म्हणजे तीन स्वभाव. इथे समजले की ते एकाच देशात, एकाच रात्री, एकाच वेळी असू शकतात. प्रत्युत्पन्नमतीसुद्धा त्या रात्री होता. आरी एव्हेखरून नावाच्या नावाड्याने पहाटे आपले जहाज नियूवरकेर्क गावाजवळ बांधाला पडलेल्या भगदाडात नेऊन आडवे घातले आणि दाराची झडप लागावी तसे ते तिथे बसले. बांधामागे दक्षिण हॉलंडची लाखो माणसे झोपलेली होती. त्या नावाड्याचे स्मारक आहे आणि ते असायलाच हवे. कॅसांड्राचे नाव मात्र आमच्यासारख्या परक्याला भाचीकडून कळावे लागते.

पुरानंतर २० दिवसांत डेल्टा समिती नेमली गेली आणि चिटणीस म्हणून पुन्हा फान फेनलाच बोलावले. तिने विचारलेला प्रश्न मला मोठा वाटला. ‘मागच्या वेळी पाणी किती चढले?’ हा आपला नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर त्यांच्याकडे होते, हूक ऑफ हॉलंडला ३.८५ मीटर. त्यांनी विचारले, की कधीच न पाहिलेले पाणी किती असू शकेल आणि ते अडवायला किती खर्च करणे शहाणपणाचे? डेव्हिड फान डान्टझिख या गणितज्ञाने बांध उंचावण्याचा खर्च आणि पूर आल्यास होणारे नुकसान यांचा ताळेबंद मांडला. मध्य हॉलंडसाठी उत्तर निघाले ते असे, की कोणत्याही एका वर्षी दहा हजारांत एक शक्यता असलेल्या पाण्यालाही बांध पुरला पाहिजे. हूकला ते पाणी ५ मीटरचे धरले गेले.

दहा हजार वर्षांतून एकदा म्हणजे ‘आपल्या हयातीत नाही’, असे समजून आपण निर्धास्त होतो. हिशेब तसा नाही. आपल्याकडे नदीकाठी दोन पूररेषा आखतात: निळी, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षे ऐकून बरे वाटते. पण भाचीने पाकिटाच्या पाठीवर गणित करून दाखवले. लाल रेषेवर जो माणूस सत्तर वर्षे राहील, त्याच्या आयुष्यात तसा पूर येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी, म्हणजे नाणेफेक. डेल्टा समितीच्या हिशेबाने तीच शक्यता शंभरात एकाहूनही कमी. (२०१७ पासून डच लोकांनी ही रीतही बदलली. आता बांधामागच्या प्रत्येक माणसाचा पुरात मरण्याचा वार्षिक धोका लाखात एकाहून जास्त नसावा, असे मोजमाप आहे.)

आमच्या घरी पुराचे मोजमाप दुसरेच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा आई बारा वर्षांची होती. शनिवार पेठेतल्या वाड्यातून नेसत्या वस्त्रांनिशी पर्वतीकडे पळाली. तो धरणफुटीचा पूर, पावसाच्या हिशेबात न बसणारा. पण पुण्यात काही भिंतींवर त्या दिवसाची पाण्याची खूण अजून आहे, आणि तिच्या कितीतरी खाली, निळ्या रेषेला खेटून, लोक हौसेने फ्लॅट घेतात. जाहिरातीत त्याला ‘नदीचे दर्शन’ म्हणतात.

पुढच्या रविवारी रॉटरडॅमजवळचे मासलांटचे दार पाहिले. कालव्याच्या दोन्ही काठांवर दोन पांढऱ्या कमानी निजलेल्या, प्रत्येकीचे दार २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच. बंद करायचे की नाही हे माणूस ठरवत नाही, यंत्र ठरवते. वादळी रात्री माणसाचे डोके ठिकाणावर राहीलच असे नाही, हा त्यामागचा विचार. १९९७ साली दार तयार झाले. वादळासाठी ते मिटले २००७ साली, आणि पुढे २१ डिसेंबर २०२३ लाही. पहिल्या २६ वर्षांत अगदी मोजक्या वेळा! आपल्याकडे एव्हाना कोणीतरी विधानसभेत प्रश्न विचारला असता, की हा पांढरा हत्ती कशाला पोसता? तिथे दरवर्षी सप्टेंबरात चाचणीसाठी दार लावतात, आणि लोक मुलाबाळांसह ते पाहायला येतात.

पण मला दारापेक्षा ओव्हरडीपचे शिवार अधिक लक्षात राहिले. १९९५ साली नद्यांना असे पाणी आले की अडीच लाख माणसे घरे सोडून हलवावी लागली. बांध थोडक्यात टिकले. तेव्हा या बांधबहाद्दर लोकांनी उलटाच विचार केला. बांध किती उंच करणार? त्यापेक्षा नदीला हातपाय पसरायला जागा देऊ. देशात तीसहून अधिक ठिकाणी हे काम झाले. ओव्हरडीपला बांध मागे सरकवून शेते नदीच्या स्वाधीन करायचे ठरले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीच तोड सुचवली: आम्ही मातीचे उंच टेकाड करून त्यावर घर आणि गोठा बांधू, पाणी आले तर खाली कुरणात येऊ दे. आज तिथे सपाट रानात ओळीने टेकाडे आहेत आणि वर लांबरुंद गोठे. साऱ्यांना मात्र जागा पुरली नाही. निम्म्याच्या आसपास कुटुंबे राहिली, बाकीची पिढ्यानपिढ्यांची जमीन सोडून गेली. आणि कशासाठी, तर वरच्या अंगाला असलेल्या शहरात अद्याप न आलेले पाणी पाव मीटरने कमी चढावे म्हणून. आपण ज्याला दूरदृष्टी म्हणतो तिचे बिल कोणाच्या नावावर फाटते, हे त्या टेकाडावर उभे राहिल्याशिवाय दिसत नाही.

परतताना भाची म्हणाली, "आमच्याकडे भविष्य नसते मामा, भविष्ये असतात." मराठीत ‘भविष्य’ या शब्दाला अनेकवचन शोभत नाही; पत्रिकेत ते एकच असते. तिथल्या हवामान संस्थेने २०२३ साली देशापुढे चार चित्रे ठेवली. धूर पुष्कळ किंवा थोडा, हवा ओली किंवा कोरडी. यांतले खरे कोणते होईल हे सांगायचे ती टाळते. काम असे करायचे की चारांपैकी कोणतेही आले तरी पंचाईत होऊ नये, आणि दर सहा वर्षांनी आराखडा पुन्हा तपासायचा. समुद्र दोनतीन मीटर चढला तर काय, याचाही अभ्यास चालू आहे. वाटा चार: सगळी दारे लावून घ्यायची, दारे उघडी ठेवून बांध वाढवायचे, समुद्रात पुढे सरकायचे, किंवा काही भाग पाण्याला देऊन मागे हटायचे. पंचतंत्रातल्या अनागतविधात्याने चौथी वाट धरली होती; तो तळेच सोडून गेला. एक कोटी ऐंशी लाख माणसांनी कोणत्या तळ्यात जायचे?

आणि इतके सारे असूनही हा देश घरांसाठी आसुसलेला आहे. नियूवरकेर्कच्या शेजारी, देशाच्या सर्वांत खोल पोल्डरात, समुद्राच्या पावणेसात मीटरपर्यंत खाली, आठ हजार घरांच्या नव्या गावाची योजना आहे. डेल्टा आयुक्तांनी २०२१ मध्ये सरकारला लिहिले, की घरांच्या जागा निवडताना पाण्याचा विचार आधी करा. वाद अजून रंगलेला आहे. हे मी इतक्या आस्थेने ऐकले याचे कारण, भाची आणि तिचा नवरा नियूवरकेर्कलाच घर पाहत आहेत. तीस वर्षांचे कर्ज. एव्हेखरूनने जिथे जहाज घातले तो बांध त्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर.

"मग तुझे गणित काय सांगते?" मी विचारले.

"तीस वर्षांसाठी ठीक सांगते," ती म्हणाली. "माझ्या मुलांचे विचारू नकोस."

रात्री पुण्याला फोन लावला. आईने किंमत विचारली नाही, व्याज विचारले नाही. तिने नातीला एवढेच विचारले, "वरच्या मजल्यावरून छपरावर जायला वाट आहे का गं?"

भाची क्षणभर गप्प झाली. "बघून सांगते, आजी," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच तिने दलालाला फोन केला.